डीपीएफ कापून काढला तर पासिंग होईल का? बीएस-६ पिकअप, पुणे

मार्केटयार्ड_पिकअप

नमस्कार मंडळी. गाडी बीएस-६ डिझेल पिकअप, २०२१ ची, एमएच-१२, पिवळी पाटी, १ लाख १८ हजार किलोमीटर. फेरी मार्केट यार्ड ते कर्वेनगर, वारजे, कोथरूड. दिवसाला ४०-५० किलोमीटर होतात, पण एका दमात ६-७ च्या वर कधीच नाही. दर थांब्याला इंजिन बंद. फिटनेस (आरटीओचं पासिंग) पुढच्या महिन्यात संपतोय.

डीपीएफचा (सायलेन्सरमधली काजळी अडवणारी जाळी) दिवा महिनाभर येत-जात होता, आता चेक इंजिनसुद्धा कायमचा पेटलाय. गाडी लिंप मोडमध्ये आहे (इंजिनने स्वतःच ताकद कमी केलीय), चढाला ओढत नाही. स्कॅनरवर पी २४६३ आणि पी २४५३ हे दोन कोड. लाइव्ह डेटा असा:

चावी ऑन, इंजिन बंद: डिफरन्शियल प्रेशर १.८ किलोपास्कल
आयडलला: २.४
न्यूट्रलमध्ये २५०० आरपीएमला: ५.३
अर्धा तास चालवल्यावर कूलंट: ६८ अंश
डिपस्टिकवर ऑइल मॅक्सच्या खुणेच्या बोटभर वर

गॅरेजवाला म्हणतो, डबा कापून आतली जाळी काढू, परत वेल्डिंग मारू, ईसीयू (इंजिनचा संगणक) रिमॅप करू. दिवा बंद, ॲव्हरेज वाढेल, पीयूसी आरामात निघेल. वरून बघणाऱ्याला काही कळणार नाही म्हणे. खरंच पासिंगला अडचण येत नाही का? आणि न कापता मार्ग असेल तर कुठून सुरुवात करू?

---

नोझल_आणि_पंप

तुमची पहिली ओळ परत वाचा. इंजिन बंद आहे, सायलेन्सरमधून वारा जात नाही, मग जाळीच्या अलीकडे आणि पलीकडे दाबाचा फरक येणार कुठून? तिथे शून्य यायला हवं. फार तर शून्याच्या आसपास ०.१-०.२. तुमच्याकडे १.८ येतंय, म्हणजे मोजणाराच खोटं बोलतोय. पी २४५३ चा अर्थही तोच, प्रेशर सेन्सरचं रीडिंग पटण्यासारखं नाही. पी २४६३ म्हणजे काजळी जास्त झाली. पण हा दुसरा निष्कर्ष ईसीयूने काही अंशी त्याच सेन्सरच्या भरवशावर काढलाय.

आता तो १.८ सगळीकडून वजा करा. आयडलला ०.६ उरतो, २५०० ला ३.५. अचूक मर्यादा तुमच्या मॉडेलच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळेल, पण ढोबळमानाने हा डबा गच्च भरलेल्या गाडीचा आकडा नाही. काजळी आहे, थोडी जास्त आहे, इतकंच. जाळी कापायला निघालेल्या माणसाने हे पाहिलं नसेल तर त्याने स्कॅनर फक्त कोड पुसायला घेतलाय.

असं तपासा. डीपीएफच्या पुढून आणि मागून दोन बारीक लोखंडी नळ्या निघतात, त्यांना रबरी नळ्या लागतात आणि त्या सेन्सरला जातात. दोन्ही रबरी नळ्या सेन्सरवरून काढा, चावी ऑन करा, इंजिन चालू करू नका. आता ० आलं तर सेन्सर बरा आहे आणि खोट नळीत आहे, म्हणजे पाणी साचलंय किंवा काजळी अडकलीय. तरीही १.८ च आलं तर सेन्सर किंवा वायरिंग. सेन्सरला तीन वायरी असतात, ५ व्होल्टचा सप्लाय, ग्राउंड आणि सिग्नल. ग्राउंडच्या पिनपासून बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत मीटर लावा, ०.१ व्होल्टच्या वर ड्रॉप दिसला तर आधी अर्थिंग साफ करा. उगाच नवीन सेन्सर आणून तोही खोटंच बोलणार.

नळ्यांना हवा मारताना एक गोष्ट विसरू नका. सेन्सर सोडवूनच हवा मारायची. लागलेला असताना कंप्रेसरची हवा मारली की आतला पडदा फाटतो, आणि हा प्रकार रोज कुठे ना कुठे होतो. रबरी नळी चिरली असेल तर उष्णता सोसणारी, त्याच मापाची घ्या. डिझेलच्या रिटर्नची साधी नळी तिथे दोन महिन्यांत वितळते. आणि नळी मध्ये झोळीसारखी लोंबू देऊ नका. सेन्सर मुद्दाम वरच्या बाजूला बसवलेला असतो, म्हणजे एक्झॉस्टमधलं पाणी खाली डब्यात परत जातं. झोळ पडला की पाणी तिथेच राहतं.

---

दिवेघाट

मी पासिंगबद्दल लिहितो, मेकॅनिकल बाजू वर आलीच आहे.

आधी कायदा. डीपीएफ हा गाडीच्या मंजूर नमुन्याचा भाग आहे. सेंट्रल मोटर व्हेइकल रूल्सच्या नियम १२६ खाली नमुना गाडी एआरएआयसारख्या संस्थेत तपासून मंजूर होते (वेताळ टेकडीवरची आपली तीच एआरएआय), आणि ती मंजुरी डीपीएफसह असते. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल मालकाला करता येत नाही. केला तर कलम १८२-अ (४): सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा दोन्ही. प्रदूषणाचं मानक मोडणारी गाडी रस्त्यावर चालवली तर कलम १९० (२) वेगळं लागतं. पहिल्या गुन्ह्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, शिवाय तीन महिने लायसन्स अपात्र. हे गॅरेजवाला बिलावर लिहून देणार नाही. बिलावर 'सायलेन्सर वेल्डिंग' एवढंच येईल आणि मालक म्हणून नाव तुमचं.

आता 'बघणाऱ्याला कळणार नाही' हा मुद्दा. धड डीपीएफ असलेल्या गाडीच्या टेलपाइपमध्ये बोट फिरवा, बोट जवळजवळ स्वच्छ निघतं, फार तर राखाडी धूळ. आत काजळीचा काळा लेप आला तर जाळी फुटलीय किंवा काढलीय. मशिनची गरजच नाही, रुमाल पुरतो. डब्याच्या मधोमध आडवा वेल्डिंगचा पट्टा तर खाली वाकलं की दिसतो.

पीयूसीचं म्हणाल तर डिझेलला धूर चाचणी होते. गिअर न्यूट्रल, इंजिन पूर्ण गरम, टेलपाइपमध्ये प्रोब, आणि ॲक्सिलरेटर झटक्यात पूर्ण दाबून गव्हर्नरच्या आरपीएमपर्यंत. असं अनेकदा करून सलग जुळणाऱ्या रीडिंगची सरासरी घेतात. बीएस-४ ला मर्यादा १.६२ प्रति मीटर, म्हणजे ५० हार्ट्रिज (धुराच्या गडदपणाचं एकक). त्याआधीच्या गाड्यांना २.४५, म्हणजे ६५ हार्ट्रिज. चांगली डीपीएफवाली बीएस-६ गाडी यांच्या जवळपासही फिरकत नाही, शून्याला चिकटून असते. जाळी काढलेली बीएस-६ गाडी बीएस-४ सारखा धूर द्यायला लागली की तो आकडा सर्टिफिकेटवर छापून येतो आणि वाहन पोर्टलवर चढतो. आपल्या हाताने आपल्याविरुद्ध पुरावा.

तुमची गाडी आठ वर्षांच्या आतली आहे, म्हणजे फिटनेस दोन वर्षांचा मिळेल. आठ वर्षांनंतर दरवर्षी. बीएस-४ आणि बीएस-६ ला पीयूसी १२ महिने चालते, जुन्यांना ६ महिने. फिटनेस संपला की कलम ५६ प्रमाणे रजिस्ट्रेशनच वैध धरलं जात नाही, मग अपघात झाला तर विम्याचं काय होईल ते वेगळं सांगायला नको. तारीख जवळ आली म्हणून घाई आहे हे कळतं, पण डबा कापायला लागतो तेवढ्याच वेळात सेन्सर बदलून होतो.

बाकीची तयारी पटकन: हाय सिक्युरिटी नंबर प्लेट, पुढे पांढरी, मागे लाल, बाजूने पिवळी रिफ्लेक्टर टेप (फाटकी असेल तर नवी), चारही इंडिकेटर, रिव्हर्स लाइट, वायपर, हॉर्न, टायरची झीज, हँडब्रेक. चेसिस नंबर वायरब्रशने साफ करून ठेवा, चिखलाखाली असतो आणि तिथेच वेळ जातो. इन्शुरन्स, टॅक्स, पीयूसी चालू हवेत. आणि डॅशबोर्डवर चेक इंजिनचा दिवा पेटलेला घेऊन जाऊ नका.

---

फुल_टॉर्क

इतकं घाबरवायची गरज नाही. पुण्यात शेकडो गाड्या डीपीएफ काढून फिरतात. ट्यून नीट केली की धूर दिसत नाही, ॲव्हरेज १-२ ने वाढतं.

---

नोझल_आणि_पंप

ॲव्हरेज वाढतं हे बरोबर, पण कशाच्या तुलनेत? चोंदलेल्या डीपीएफच्या. तीच गाडी साफ डीपीएफवर चालवून मोजा, फरक विरघळतो. आणि धूर दिसत नाही म्हणजे काजळी नाही असं नसतं. बारीक कण डोळ्याला दिसत नाहीत, तीच तर जाळीची जागा.

दुसरं, कापणारे बहुतेक वेळा त्याच डब्यातला पुढचा डीओसी (न जळलेलं डिझेल जाळणारा भाग) पण उडवतात. मग सकाळी गाडी चालू केली की सोसायटीभर कच्च्या डिझेलचा वास आणि डोळे चुरचुरतात. सगळ्यात महत्त्वाचं, मूळ दुखणं तिथेच राहतं. काजळी जास्त का होतेय? इंजेक्टर गळतोय, इंटरकूलरचा होज फुटलाय, ईजीआर व्हॉल्व्ह (जळलेला वायू परत इंजिनात सोडणारा) उघडा अडकलाय, काहीतरी असेल. डीपीएफ दिवा लावून ओरडत होता. त्याचं तोंड बंद केलं की पुढची खबर टर्बो किंवा पिस्टन देतो.

---

वॅक्स_८२

सगळे प्रेशरवर बोलतायत, मला त्या ६८ अंशांनी खटकलं. अर्धा तास चालवून कूलंट ६८? एप्रिल असो की जानेवारी, ही गाडी ८५-९५ मध्ये असायला हवी. बहुतेक थर्मोस्टॅट ८२ ते ८८ च्या दरम्यान उघडायला लागतो. तुमचा एकतर उघडा अडकलाय किंवा मुळात तिथे नाहीच.

दुसरी शक्यता हसण्यावारी नेऊ नका. उन्हाळ्यात गाडी तापली की थर्मोस्टॅट काढून फेकायचा ही आपल्याकडची जुनी खोड. जुन्या डिझेलला खपून जायचं. बीएस-६ मध्ये इंजिन ठरलेल्या तापमानाला आलं नाही तर ईसीयू रिजनरेशन (जाळीतली काजळी जाळून टाकणं) सुरूच करत नाही. मग काजळी साठत जाते आणि बिल डीपीएफच्या नावावर फाटतं.

तपासायला पाच मिनिटं पुरतात. सकाळी पूर्ण गार इंजिन चालू करा आणि रेडिएटरच्या वरच्या जाड होजला हात लावून बसा. कूलंट ८० च्या पुढे जाईपर्यंत होज गार राहायला हवा आणि मग एकदम गरम. तीन-चार मिनिटांत हळूहळू कोमट व्हायला लागला तर थर्मोस्टॅट बंद होत नाहीये. काढून पाण्याच्या भांड्यात थर्मामीटरसकट गरम करून बघता येतं, किती अंशांना तोंड उघडतो ते समोर दिसतं. नवीन बसवताना कूलंट कंपनीचाच, ठरलेल्या प्रमाणात, आणि एअर ब्लीड करा. नळाचं पाणी भरू नका.

ऑइल वर चढलंय त्याचं कारणही यात असू शकतं. रिजनरेशनसाठी ईसीयू पॉवर स्ट्रोकनंतर जादाचं डिझेल मारतो, ते डीओसीत जळून एक्झॉस्ट ६०० अंशांच्या आसपास नेतं. ६-७ किलोमीटरवर इंजिन बंद केलं की रिजनरेशन अर्धवट. पुढच्या वेळी परत सुरुवात, परत अर्धवट. प्रत्येक वेळी थोडं डिझेल सिलेंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये. डिपस्टिक नाकाला लावा, डिझेलचा वास येईल. या ऑइलवर गाडी अजून चालवू नका. पातळ झालेलं ऑइल बेअरिंग आणि टर्बो दोन्ही खातं, आणि पातळी फारच चढली तर ब्रीदरमधून इनटेकला खेचलं जाऊन इंजिन स्वतःच्याच ऑइलवर पळायला लागतं. तेव्हा चावी काढूनही बंद होत नाही.

---

जुनं_इंजिन

धाग्यात घुसतो, माफ करा. माझी २०१४ ची बीएस-४ डिझेल एसयूव्ही, डीपीएफ नाही. पीयूसीला १.९ आला, फेल. ईजीआर ब्लँक करून घेतला तर धूर कमी होतो असं ऐकलं. करू का?

---

नोझल_आणि_पंप

ईजीआर बंद केल्याने काजळी कमी होऊ शकते, कारण जळलेला वायू परत आत जात नाही. पण ईजीआर असतोच मुळी ज्वलनाचं तापमान खाली ठेवायला. बंद केला की नायट्रोजन ऑक्साइड वाढतात. धूर मोजणाऱ्या मशिनला ते दिसत नाहीत, फुफ्फुसाला दिसतात. वर दिवेघाट यांनी दिलेली कलमं ब्लँकिंग प्लेटलाही लागू आहेत. आणि मुळात प्लेट लावून तुम्ही अडकलेला व्हॉल्व्ह झाकताय. काढून साफ करा. गॅरेजात त्यातून चमच्याने डांबर काढतात तसा थर निघतो. व्हॉल्व्ह पूर्ण मिटतोय का ते हाताने दाबून बघा, गॅस्केट नवीन टाका.

१.९ वरून १.६२ च्या खाली यायला बऱ्याचदा एवढं आणि हे पुरतं: एअर फिल्टर नवीन, इंटरकूलरचे होज साबणाच्या पाण्याने तपासा (ॲक्सिलरेटर देताना बुडबुडे आले की चीर सापडली), चारही इंजेक्टर टेस्ट बेंचवर लीक-ऑफ (इंजेक्टरमधून परत जाणारं डिझेल) आणि फवाऱ्यासाठी. चारातला एक जरी थेंब सोडत असेल तरी झटका ॲक्सिलरेशनला काळा ढग येतो. पीयूसीला जाण्याआधी वीस-पंचवीस मिनिटं हायवेवर चालवून सरळ सेंटरवर जा, रांगेत इंजिन गार होऊ देऊ नका. गार इंजिनचं रीडिंग कायम वाईट येतं. पण स्वतःच्या प्रश्नासाठी वेगळा धागा काढा राव.

---

मार्केटयार्ड_पिकअप

सगळ्यांचे आभार. दोन्ही नळ्या सेन्सरवरून काढून चावी ऑन केली, तरी १.८ च. ग्राउंडचा ड्रॉप ०.०३ व्होल्ट. सकाळी वरचा होज तीन मिनिटांतच कोमट झाला. डिपस्टिकला डिझेलचा वास येतोय. आता कुठल्या क्रमाने करू? फोर्स्ड रिजनरेशन (स्कॅनरवरून हुकूम देऊन) लगेच मारू का?

---

वॅक्स_८२

लगेच नाही. क्रम चुकला तर परत इथेच याल.

१. जुनं ऑइल आणि फिल्टर काढा, नवीन भरा. मॅन्युअलमध्ये लिहिलेलं कमी राखेचं ऑइलच घ्या, डब्यावर एसीईए सी२ किंवा सी३ अशी खूण बघा, तुमच्या मॉडेलला जी सांगितली असेल ती. स्वस्त, जुन्या ग्रेडच्या ऑइलमधली धातूची राख जाळीत बसते, आणि राख काही केल्या जळत नाही. काजळी जळते, राख नाही, हा फरक डोक्यात ठेवा.

२. थर्मोस्टॅट, कूलंट, ब्लीडिंग. चालवून ८५ च्या वर जातोय आणि टिकतोय हे स्कॅनरवर बघा.

३. नवीन प्रेशर सेन्सर. बसवल्यावर स्कॅनरमधून झिरो ॲडॅप्टेशन (नव्या सेन्सरचं शून्य ईसीयूला शिकवणं) करावंच लागतं. नुसता खोचला तर ईसीयू जुनाच हिशोब धरून बसतो. आता चावी ऑनला ० दिसायला हवं.

४. मग स्कॅनरवर सूट लोड (जाळीत किती काजळी आहे) बघा. कंपनीने ठरवलेल्या मर्यादेच्या वर असेल तर ईसीयू फोर्स्ड रिजनरेशन नाकारतो, आणि ते बरंच आहे. फार काजळी एकदम पेटली तर सिरॅमिक वितळतं किंवा तडकतं. तसं असेल तर डबा उतरवून साफ करून घ्या, पुढे लिहितो.

५. मर्यादेत असेल तर टाकीत निदान पाव भाग डिझेल ठेवा आणि रस्त्यावरच रिजनरेशन होऊ द्या. रिकामी गाडी नको, थोडा माल असू द्या. पहाटे साडेपाचला नवले पुलावरून साताऱ्याकडे निघा. पुलापासून नव्या कात्रज बोगद्यापर्यंतचा चढ यासाठी वरदान आहे. एक गिअर खाली ठेवून २००० ते २५०० आरपीएम, मग खेड शिवापूरपर्यंत तसंच. परतताना बोगद्यानंतर उतार आहे, पाय उचलला की इंधन बंद होतं आणि एक्झॉस्ट गार पडतं, त्यामुळे उतारावर रिजनरेशनची आशा धरू नका. आणि तो उतार कसा आहे हे पुणेकरांना सांगायला नको, तिथे ब्रेककडे लक्ष द्या, स्कॅनरकडे नाही. रिजनरेशन चालू असेल तर क्षणाचं ॲव्हरेज पडतं आणि फॅन जोरात फिरतो. वीस-पंचवीस मिनिटं गाडी बंद करू नका.

गॅरेजात उभ्या गाडीवर करायचं झालं तर उघड्यावर, सिमेंटच्या फरशीवर. टेलपाइपच्या मागे वाळकं गवत, पोती, खोके काही नको.

---

नोझल_आणि_पंप

साफसफाईबद्दल मी लिहितो. डबा उतरवून साफ करणाऱ्याकडे दोन आकडे मागा, आधीचं वजन आणि नंतरचं वजन. शिवाय आधीचा आणि नंतरचा हवेचा प्रवाह. हे न देणारा फक्त पाणी मारतोय. बरी पद्धत अशी: भट्टीत हळूहळू तापमान वाढवत काजळी जाळायची, हळूहळूच गार करायचं, आणि मग बाहेरच्या तोंडाकडून आतल्या तोंडाकडे हवेचे झटके मारून राख उलटी काढायची. गरम डब्यावर पाणी किंवा सायलेन्सर धुवायचं ॲसिड पडलं तर सिरॅमिकला चिरा जातात आणि ते टेलपाइपच्या रुमाल चाचणीत सापडतं.

जुन्या बाजारातून 'ओरिजिनल' डबा घेऊ नका. वजन हातात घेऊनच कळतं, आत काही नसतं.

आणि सेन्सर बदलून, रिजनरेशन पूर्ण होऊनही २५०० ला फरक मॅन्युअलमधल्या मर्यादेच्या खाली येत नसेल, तर ती बहुधा राख आहे, सफाई करावीच लागेल. १ लाख १८ हजारांवर चुकीचं ऑइल वापरलं असेल तर शक्य आहे. आधी कोणतं भरत होता ते लिहा, डब्याचा फोटो टाका.

---

दिवेघाट

एवढंच जोडतो: दुरुस्तीनंतर कोड पुसून त्याच दिवशी पासिंगला जाऊ नका. कोड पुसले की ईसीयूच्या स्वतःच्या चाचण्या पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात, त्या पूर्ण व्हायला काही दिवस थंड-गरम इंजिनने सुरुवात आणि हायवे दोन्ही लागतं. दुखणं उरलं असेल तर दिवा रांगेतच पेटतो. निदान आठवडा चालवा, मग पीयूसी, मग अपॉइंटमेंट. दिवे गावच्या (दिवे घाटावरच्या) पासिंग ट्रॅकला बोलावलं असेल तर वडकीपासून घाट चढताना इंजिन छान तापतं, पण रांगेत तासभर आयडल होणार हेही धरून चाला. रिजनरेशन आदल्या दिवशी पूर्ण झालेलं असू द्या, नाहीतर ते नेमकं इन्स्पेक्टरसमोर सुरू होतं आणि तो विचारतो, फॅन एवढा का ओरडतोय.